लक्षणं मिस्टरांना, तपासणी दोघांची

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझे मिस्टर ४७ वर्षांचे आहेत. गेले पाच-सहा महिने रात्रीत तीन-तीनदा लघवीला उठतात. उशाशी पाण्याची बाटली असते, ती सकाळपर्यंत रिकामी होते. विचारलं तर म्हणतात, "पाणी जास्त पितो म्हणून लघवी जास्त होते, त्यात काय विशेष? आणि चाळिशीनंतर पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असतोच." वजन सहा किलोंनी उतरलंय. व्यायाम नाही, खाणं कमी केलेलं नाही, तरी उतरलं. ते मात्र खूश आहेत, जुन्या पँट पुन्हा अंगात शिरायला लागल्या म्हणून. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला आणि आता म्हणतात, जुनाच चष्मा बरा होता.

सासूबाईंना मधुमेह होता. शेवटी शेवटी इन्सुलिन सुरू झालं, दिसेनासं झालं, पायाचं एक बोट काढावं लागलं. मिस्टरांच्या डोक्यात पक्कं बसलंय की तपासलं की गोळ्या, गोळ्यांनंतर इंजेक्शन आणि मग सगळं संपलं. तपासणीचं नाव काढलं की चिडतात. सासूबाईंचं ग्लुकोमीटर अजून घरात आहे. हे झोपलेले असताना बोटाला टोचून बघावं असं खरंच मनात येतं. मधुमेहाची सुरुवातीची लक्षणं कोणती? ह्यांची लक्षणं त्यातली आहेत का?

ता. क. हे माझ्याबद्दल. वय ४१. मुलीच्या वेळी गरोदरपणात शुगर वाढली होती, बाळंतपणानंतर गेली. मला तसा काही त्रास नाही. फक्त मानेच्या मागे काळपटपणा आलाय, कितीही घासलं तरी जात नाही. एखादं क्रीम सुचवाल का?

(नाव छापू नये, ही विनंती.)

नमस्कार ताई,

कारणं नंतर सांगते, आधी उत्तर. मिस्टरांची लक्षणं मधुमेहाकडेच बोट दाखवतात आणि ती सुरुवातीची मुळीच नाहीत. या आठवड्यात त्यांचं रक्त तपासून व्हायला हवं. त्यासाठी उपाशी पोटाचा मुहूर्त साधायलाही नको. इतकी ठळक लक्षणं असताना दिवसात कुठल्याही वेळी लॅबमध्ये दिलेल्या रक्तात साखर २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाली (दर १०० मिलिलिटरमागे, पुढचे साखरेचे आकडेही याच मापातले), तर निदान तिथेच पक्कं होतं. आणि झोपेत टोचायचा बेत सोडून द्या. पहिल्याच टोचणीला ते जागे होतील आणि पुढे कित्येक दिवस हा विषय घरात काढायची सोय राहणार नाही. शिवाय सासूबाईंच्या डबीतल्या पट्ट्यांची मुदत एव्हाना उलटून गेली असणार. जुन्या पट्टीवरचा आकडा धड घाबरायच्या कामाचा नसतो, धड निर्धास्त व्हायच्या.

आता त्यांचा युक्तिवाद. "पाणी जास्त पितो म्हणून लघवी जास्त होते" हे वाक्य दवाखान्यात इतकं ऐकू येतं की समोरच्याने सुरुवात केली की पुढचे शब्द मला पाठ असतात. घडतं बरोबर उलटं. मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं तेव्हा त्यातली साखरही गाळली जाते, पण निरोगी माणसात ती जवळजवळ सगळी परत शोषून घेतली जाते. या परत घेण्याला मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की धरण भरल्यावर सांडव्यावरून पाणी जावं तशी ती लघवीतून जायला लागते. आणि ती एकटी जात नाही, पाणी ओढून नेते. अंगातलं पाणी घटलं की तहान लागते. म्हणजे लघवी आधी, तहान तिच्यामागून. म्हणूनच पाणी कमी प्यायल्याने हे थांबत नाही, माणूस फक्त कोरडा पडतो. "झोपण्यापूर्वी पाणी पिऊ नका" असं त्यांना कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. तहानेला साधं पाणी द्या. घसा सारखा कोरडा पडणारा माणूस नकळत गोड, थंड पेयांकडे वळतो आणि साखर आणखी चढते, तेवढं मात्र सांभाळा.

प्रोस्टेटचं म्हणाल तर एक फरक घरच्या घरी कळतो. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला वारंवार जावंसं वाटतं, पण सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक असते, दर वेळी थोडीशीच होते आणि मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. साखरेमुळे होणारी लघवी दर वेळी भरपूर आणि पाण्यासारखी असते. रात्रीत बाटलीभर पाणी संपतं त्या अर्थी तुमच्याकडे हा दुसरा प्रकार दिसतो. एका माणसात दोन्ही असायला हरकत नसते, पण ते तपासणारे डॉक्टर ठरवतील.

वजन उतरल्याचा आनंद त्यांना साजरा करू देऊ नका. इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवणारं हार्मोन, अपुरं पडतं तेव्हा रक्तात साखर भरपूर असूनही स्नायूंना ती नीट वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळतं आणि स्नायूही झिजवतं. त्यात लघवीवाटे साखर वाया जाते ती वेगळीच. शंभर ग्रॅम साखर गेली म्हणजे चारशे कॅलरी गेल्या. न प्रयत्न करता सहा किलो उतरणं ही कुठल्याही वयात चौकशी करण्यासारखी गोष्ट आहे. थायरॉइड, क्षयरोग, क्वचित याहून गंभीर आजारही असेच वजन उतरवतात. तेव्हा समजा साखर नॉर्मल आलीच, तरी या सहा किलोंचा हिशेब डॉक्टरांकडून मागून घ्या. आणि साखर बरीच वाढलेली निघाली, तर वजनाची गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. मोठ्या वयात सुरू होणारा, शरीर आपल्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटल्यामुळे होणारा मधुमेहही असतो. त्याची औषधयोजना वेगळी असते आणि वजन वेगाने उतरणं ही त्याची एक खूण असते.

चष्म्याची तक्रार तर अगदी नमुनेदार आहे. रक्तात साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगातही पाण्याचं प्रमाण बदलतं, भिंगाचा आकार किंचित बदलतो आणि नंबर सरकतो. ज्या दिवशी नंबर काढला त्या दिवशीची साखर वेगळी, चष्मा हातात आला त्या दिवशीची वेगळी, म्हणून नवा चष्मा बोचतो आणि जुना बरा वाटतो. आता तिसरा चष्मा करू नका. उपचार सुरू झाल्यावर साखर उतरत असतानाही काही आठवडे धूसर दिसू शकतं. औषध बाधलं असं वाटून लोक गोळ्या बंद करतात ते याच टप्प्यावर. साखर स्थिर होऊन काही आठवडे गेले की मग नंबर काढा. मात्र निदान झालं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्याची तपासणी लगेच करून घ्यायची. ती वेगळी तपासणी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून केलेली. चष्म्याच्या दुकानात ती होत नाही.

आता तुम्ही विचारलेल्या सुरुवातीच्या लक्षणांकडे वळते. तहान, लघवी, वजन, धूसर दिसणं ही सगळी मंडळी साखर १८० ओलांडून बराच काळ वर राहिली की येतात. त्याआधीची कित्येक वर्षं टाइप टू मधुमेह आवाज न करता वाढत असतो. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून वेळ मारून नेतं आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. मग हळूहळू स्वादुपिंड दमतं. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नुकतंच निदान झालेल्या पाच हजारांहून जास्त लोकांना घेतलं होतं. त्यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये निदानाच्या दिवशीच डोळ्यांवर किंवा इतर अवयवांवर मधुमेहाच्या खुणा सापडल्या होत्या आणि इन्सुलिन बनवण्याची क्षमता सरासरीने अर्ध्यावर आली होती. त्यामुळे "लक्षणं दिसली की तपासू" या हिशेबाने चालणारा माणूस बहुतेक वेळा उशिराच पोचतो. सुरुवात पकडायची तर ती अंगाच्या तक्रारींत फारशी सापडत नाही. घरातला इतिहास, कंबरेची टेप, त्वचा आणि लॅबचा कागद इथे ती सापडते.

आणि म्हणूनच, ताई, तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मजकूर तुम्ही ता. क. मध्ये टाकलाय. मिस्टरांच्या बाबतीत सुरुवात होऊन गेली. सुरुवातीची धोक्याची सूचना मिळाली आहे ती तुम्हाला.

गरोदरपणात वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे प्रत्येकच स्त्रीचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. बहुतेकींचं स्वादुपिंड तेवढं जास्त इन्सुलिन बनवून भरपाई करतं. ज्यांचं करू शकत नाही त्यांची साखर वाढते. बाळंतपणात वार पडली की ते हार्मोन्स जातात आणि साखर खाली येते. "गेली" असं आपण म्हणतो ते एवढ्यापुरतंच. ताण आला तर स्वादुपिंड पुरं पडत नाही, ही माहिती मात्र मिळालेली असते आणि ती जन्मभर उपयोगाची असते. अशा स्त्रियांना पुढे टाइप टू मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात ते दहा पट असल्याचं मोठ्या आढाव्यांत दिसलं आहे. म्हणून बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत एकदा ग्लुकोज पिऊन तपासणी आणि पुढे आयुष्यभर दर एक ते तीन वर्षांनी तपासणी, असा नियम आहे. सहसा पहिलीच तपासणी राहून जाते, कारण तेव्हा घरात सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनाकडे असतं, आईच्या साखरेकडे कुणाचंच नसतं. नंतर तो कागद फायलीत जातो. तुमच्या पत्रात त्यानंतर कधी तपासल्याचा उल्लेख नाही, म्हणून तपासलेलं नाही असंच धरून चालते.

मानेवरच्या काळपटपणावर मी क्रीम सुचवणार नाही. आरशात किंवा फोनने फोटो काढून नीट बघा आणि बोट फिरवून बघा. त्वचा जाडसर, मखमलीसारखी लागते का? मानेच्या घड्यांच्या रेषा ठळक झाल्यात का? काखेत, जांघेत, बोटांच्या पेरांवरही तसंच आहे का? शेजारी बारीक, मऊ, लोंबणारे मस उगवलेत का? तसं असेल तर याला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही तेव्हा रक्तात इन्सुलिनचंच प्रमाण चढं राहतं. ते त्वचेच्या पेशींना वाढायला उद्युक्त करतं आणि तिथली त्वचा जाड व काळी होते. मळाशी याचा संबंध नाही. दगडाने, स्क्रबने घासून त्वचा चिडते आणि अधिकच काळी पडते, तेव्हा घासणं आजपासून बंद. वजन आणि कंबर कमी झाली की हा रंग महिन्या-महिन्याने उतरतो. रक्तातली साखर अजून नॉर्मल असतानाही ही खूण दिसू शकते, म्हणून तिची किंमत. तुम्हाला ती वेळेत दिसली आहे. (एक अपवाद सांगून ठेवते. उतारवयात, बारीक होत चाललेल्या माणसाला असा काळेपणा अचानक आणि झपाट्याने आला, तोंडात किंवा तळहातांवरही आला, तर कारण वेगळं आणि गंभीर असू शकतं. तिथे थांबायचं नाही.)

कंबर मोजायची पद्धत एकदा नीट शिकून घ्या. पँट बांधतो तिथे मोजू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची पातळी धरतात. वजनकाट्यावर विसंबू नका. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्त चरबी होती ती याज्ञिकांची. "मी कुठे जाड आहे?" असं म्हणणाऱ्या पेशंटला मी हाच किस्सा सांगते.

बाकीच्या खुणांमध्ये एक अशी आहे जी लोक लाजेपायी शेवटपर्यंत सांगत नाहीत, म्हणून तिच्यावर जरा थांबते. गुप्तांगाची खाज. बायकांना दह्यासारखा पांढरा स्राव आणि खाज, पुरुषांना शिश्नाच्या टोकाशी लाली, जळजळ, कातडी मागे घेताना चिरा. हा बुरशीचा संसर्ग असतो आणि लघवीतल्या साखरेवर ही बुरशी पोसते. मेडिकलमधून मलम आणलं की चार दिवस बरं वाटतं, पुन्हा येतं, पुन्हा मलम. एखाद्या वेळी कुणालाही होईल, पण वरचेवर होत असेल तर मलमाआधी साखर तपासायची. मिस्टरांना एकदा विचारून बघा. कदाचित तोच प्रकार चालू असेल आणि तुमच्यापर्यंत आला नसेल. गळवं वरचेवर होणं, हिरड्या सुजून दात हलणं, जखम रेंगाळणं हेही याच घरातलं. खांदा हळूहळू आखडून हात वर जाईनासा होणं, म्हणजे फ्रोझन शोल्डर, हेसुद्धा मधुमेहात जास्त दिसतं, पण लोक फिजिओथेरपी करून मोकळे होतात आणि साखरेचा विचारही करत नाहीत.

पायाला मुंग्या येणं सगळ्यांना माहीत आहे, पण सगळ्या मुंग्या साखरेच्या नसतात. साखरेच्या मुंग्या दोन्ही पायांच्या बोटांपासून एकदमच सुरू होतात, हळूहळू वर सरकतात, रात्री तळव्यांची आग होते, मोजे न घालता मोजे घातल्यासारखं वाटतं. एकाच पायात कमरेपासून खाली कळ येत असेल तर ती बहुधा मणक्याची. रात्री हाताची बोटं बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबलेली असण्याची शक्यता जास्त. मधुमेहात मनगटातली नस दबण्याचंही प्रमाण वाढतं, तेव्हा तपासणी केल्याने काही बिघडत नाही.

जेवण झाल्यावर झोप येणं, गोड खावंसं वाटणं, भूक लागली की हातपाय थरथरणं यांवरून कुणी मधुमेहाचं भाकीत करत असेल तर सोडून द्या.

तपासण्यांचं आता. उपाशीपोटीची साखर म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही पोटात नाही. ती १०० च्या आत नॉर्मल, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, मधली ती मधुमेहपूर्व अवस्था. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेली साखर १४० च्या आत नॉर्मल, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीएवनसी, जिला लोक तीन महिन्यांची शुगर म्हणतात, ५.७ टक्क्यांच्या आत नॉर्मल, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत, दोन आकडे वाढलेले लागतात. मिस्टरांसारखी लक्षणं असतील आणि साखर २०० च्या वर असेल तर दुसऱ्या आकड्याची वाट बघत नाहीत.

मधल्या पट्ट्यातल्या आकड्याला लोक बॉर्डरलाइन म्हणतात आणि पास झाल्यासारखे घरी जातात. मला हे पटत नाही. करण्यासारखं सगळ्यात जास्त ज्या पट्ट्यात असतं तो हाच.

तुमच्यासाठी ग्लुकोज पिऊन करायची तपासणी मागून घ्या, नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवर भागवू नका. गरोदरपणात साखर वाढलेल्या अनेकींची उपाशीपोटीची साखर चांगली येते आणि दोन तासांची बिघडलेली असते. एचबीएवनसी करणार असाल तर हिमोग्लोबिनही करा. ती चाचणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. लोह कमी असेल तर आकडा खोटाच जास्त येऊ शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर खोटाच कमी येऊ शकतो. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हे डॉक्टरांना सांगा. तपासणीच्या आधी दोन-चार दिवस जेवण तोडून आकडा सजवू नका, नेहमीसारखं खा. ताप असेल किंवा दमा-सांधेदुखीसाठी स्टिरॉइड घेत असाल तर तेही सांगा, साखर त्यानेही चढते. नुसती लघवी तपासून साखर नाही म्हणून निश्चिंत होणं तर अजिबात नको. १८० च्या खाली लघवीत काही उतरतच नाही, मग दिसणार काय?

ग्लुकोमीटर हे उपचार चालू असताना लक्ष ठेवायचं साधन आहे. चांगलं मशीनही लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे दाखवू शकतं, म्हणून त्यावर निदान करत नाहीत. फळ कापलेल्या हाताने, न धुता टोचलं तर साखर फळाची मोजली जाते.

मिस्टरांच्या भीतीबद्दल. त्यांनी आईचं आजारपण शेवटाकडून पाहिलं. इन्सुलिन आलं आणि मग डोळे गेले, बोट गेलं, हा क्रम त्यांच्या डोळ्यांसमोर घडला, म्हणून दोष इन्सुलिनवर गेला. डोळ्यांच्या पडद्यावर आणि पायांच्या नसांवर घाव पडतात ते वर्षानुवर्षं चढ्या राहिलेल्या साखरेमुळे. इन्सुलिन आलं तोवर बरंच होऊन गेलेलं असतं. ते ज्या गोष्टीला घाबरतात ती टाळायचा रस्ता तपासणीतूनच जातो, पण हे तुम्ही वाद घालून पटवायला गेलात तर पटणार नाही. आईची आठवण काढून "तुमचंही तसंच होईल" असं तर चुकूनही म्हणू नका. त्यांच्या मनात आधीच तेच चालू आहे.

त्यांना दाखवायला आशेची गोष्ट खरी आहे. डायरेक्ट नावाच्या ब्रिटिश अभ्यासात निदानाला सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांचं वजन देखरेखीखाली उतरवलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. आधीच वजन गमावत असलेल्या तुमच्या मिस्टरांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करायचा नाही. त्यांची साखर आधी औषधांनी खाली यायला हवी. पण "एकदा गोळी लागली की सुटका नाही" हे समीकरण आता तितकं पक्कं राहिलेलं नाही, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ. तुमच्यासाठीचा आकडा अमेरिकेतल्या डीपीपी अभ्यासातला, २००२ सालचा. मधुमेहपूर्व अवस्थेतल्या ज्यांनी वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करण्याचं ध्येय ठेवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. मात्र ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला होता त्या स्त्रियांमध्ये गोळी आणि व्यायाम दोन्हींचा फायदा जवळपास सारखा, निम्म्याच्या आसपास निघाला. तुमचा आकडा मधल्या पट्ट्यात आला तर डॉक्टरांशी बोलताना हे लक्षात असू द्या.

आणि त्यांना लॅबपर्यंत कसं न्यायचं, त्याचा मार्ग तुमच्याच ता. क. मध्ये आहे. "माझी तपासणी करायला सांगितलीय, बरोबर चला," असं म्हणा. यात फसवाफसवी काही नाही, तुम्हाला खरोखरच जायचंय. तुमची तपासणी दोन तासांची, त्या वेळात उठून चालत फिरायचं नसतं, काही खायचं नसतं. दोन तास शेजारी बसून राहिलेल्या माणसाला "तुम्हीही एक रक्त देऊन टाका, पुढचं काय ते नंतर ठरवू" हे सांगणं घरी सांगण्यापेक्षा खूप सोपं जातं. चिठ्ठीवर त्यांच्या नावापुढे साखर, एचबीएवनसी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि लघवीतले कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ) एवढं आधीच लिहून घ्या.

हे जमून यायला दोन-तीन दिवस जातील. त्या काळात त्यांना उलट्या, पोटात दुखणं, धापा टाकल्यासारखा खोल श्वास, तोंडाला कुजक्या फळासारखा वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं यांतलं काहीही दिसलं तर लॅब, अपॉइंटमेंट, त्यांचा राग काहीही न बघता तडक हॉस्पिटलमध्ये न्या. रात्र असली तरी. नव्या पट्ट्या आणल्या असतील आणि त्यांनी स्वतःहून बोट पुढे केलं असेल, तर मशीनवर आकड्याऐवजी इंग्रजीत 'हाय' असं उमटलं तरी हेच करायचं. साखर त्या मशीनच्या मापाबाहेर, बहुतेक मशीनमध्ये ६०० च्या पुढे, गेली असा त्याचा अर्थ.